माणसाला काय म्हणायचं

माझं आडनाव काळे. लोणावळ्याच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो तेव्हा तिथे ड्रॉइंगला गोरे नावाचे मास्तर होते. मी रंगाने बऱ्यापैकी उजळ आणि गोरे मास्तर चांगलेच सावळे. पोरं यावरून मागे हसत असणारच. पण त्या विनोदाचा भर वर्गात उपयोग करून घेणारा माणूस एकच, इंग्रजीचे वाळुंज मास्तर. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ते आम्हा दोघांना दारात उभं करायचे आणि पोरांना विचारायचे, "सांगा, यातले काळे कोण आणि गोरे कोण?" पोरं हमखास चुकायची. "बघा," मास्तर म्हणायचे, "नाव आणि माणूस यांची गाठ अशी ढिली असते. इंग्रजी वाचताना हे विसरलात तर फसाल." मग आमचे आभार मानून आम्हाला वाटेला लावायचे. गोरे मास्तर दरवर्षी कुरकुरायचे, "मी काय जत्रेतला देखावा आहे?" पण दरवर्षी यायचे.

रामभाऊ वाळुंज मूळचे औंढ्याचे. घर शेतकऱ्याचं. गावातून मॅट्रिक झालेले ते पहिले. उंच, हाडकुळे, डोक्याला पांढरा फेटा, अंगात काळा कोट आणि कोटाच्या खिशात कायम खडूचे तुकडे, त्यामुळे खिसा नेहमी पांढरा. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. बाजारपेठेत एक खोली घेऊन राहायचे आणि रविवारी चालत औंढ्याला जायचे. तिथे त्यांची विधवा भावजय पार्वतीबाई आणि पुतण्या गणपत राहत. गणपत आमच्याच शाळेत होता. इंग्रजी चौथीला दोनदा नापास झाला आणि शेतीत गेला.

मास्तरांचं इंग्रजी पुस्तकी होतं, उच्चार मावळी होते, पण एका बाबतीत त्यांच्या तोलाचा माणूस मला पुढे पुण्यातही भेटला नाही. माणसांच्या वंशांना, रंगांना, लोकांना इंग्रजीत जी नावं आहेत ती वापरताना ते फार जपायचे. कुठल्याही पोराने निबंधात 'नेटिव्ह बॉय' लिहिलं की त्यांचा आवाज भिंतीपलीकडे माझ्या वर्गात यायचा, "थांब. कुणाला म्हणतोयस?"

"स्वतःला, सर."

"नेटिव्ह म्हणजे जो जिथे जन्मला तिथला. मग लंडनमधला साहेब लंडनचा नेटिव्ह. त्याला म्हणशील?"

"नाही, सर."

"का नाही?"

पोरगं गप्प. मास्तर त्याच्या वहीतल्या त्या शब्दावर बोट ठेवायचे. मग म्हणायचे, "तुझ्या का-नाहीत सगळा अर्थ आहे. खोड ते. इंडियन लिही."

लोणावळ्यात हे खूळ उगाच नव्हतं. रेल्वेचं गाव. इंजिनं घाट चढायची, ड्रायव्हर आणि गार्ड बहुतेक युरोपियन नाहीतर अँग्लो-इंडियन; त्यांची वसाहत वेगळी, त्यांच्या मुलांची शाळा वेगळी. कोणाला काय म्हणायचं यात चूक झाली तर हमालाच्या कानाखाली बसायची. वसाहतीत मिसेस हॉब्ज नावाची एका ड्रायव्हरची म्हातारी विधवा होती. मास्तर तिच्याकडे उच्चार सुधारायला म्हणून जात. एकदा मलाही घेऊन गेले. व्हरांड्यात चहा पिताना त्यांनी तिला सरळ विचारलं, "बाई, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?"

मला वाटलं, आता हाकलून देते. म्हातारी हसली. म्हणाली, "मी लहान होते तेव्हा आम्ही युरेशियन होतो. अँग्लो-इंडियन म्हणजे तेव्हा हिंदुस्थानात राहणारे अस्सल गोरे. मग सरकारने तो शब्द त्यांच्याकडून काढून आम्हाला दिला. माझा नवरा रात्री एक होऊन झोपला आणि सकाळी दुसराच होऊन उठला. इंजिन तेच चालवत होता." मग थोड्या वेळाने म्हणाली, "हाफ-कास्ट तेवढं म्हणू नका. ते मला माझ्या सासूने म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मुलांना सांगितलं, की अर्धा माणूस नसतो, म्हणून तो शब्द चुकीचा आहे. बाईंच्या सासूचं मात्र सांगितलं नाही.

एकदा शाळातपासनीस आले. भूगोलाच्या पुस्तकात माणसांचे रंगावरून पाच वंश दिलेले होते आणि त्यांतला आपला कोणता हे मुलांना पाठ असायला हवं होतं. तपासनिसांनी काशिनाथ नावाच्या मुलाला इंग्रजीत विचारलं, "तुझा वंश कोणता?"

काशिनाथ उठून म्हणाला, "सर, मी खंडाळ्याचा."

"ते गाव झालं."

"हो सर. खात्रीने एवढंच माहीत आहे."

तपासनिसांनी शेरा मारला, की इंग्रजीचे शिक्षक मुलांना आडवी उत्तरं द्यायला शिकवतात. हेडमास्तर चिडले. वाळुंज मास्तर काशिनाथला घेऊन हॉटेलात गेले आणि त्याला त्यांनी दोन भजी खाऊ घातली. मास्तर कोणाला खाऊ घालतात हे मी तेवढं एकदाच पाहिलं.

हे सगळं कुठून आलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर औंढ्याला चाललो होतो. वाटेत मी सहज म्हटलं, "मास्तर, आपल्या मराठ्यांना मात्र इंग्रजांनी चांगला शब्द दिलाय. मार्शल रेस. लढवय्या वंश."

ते थांबले. बांधावर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"काळे, चौदा सालच्या महायुद्धात आमच्या गावात भरतीचा साहेब आला होता. मी नुकता मॅट्रिक झालेला. दुभाषा म्हणून मलाच उभं केलं. साहेब म्हणाला, मराठे ही मार्शल रेस आहे. मला रेस म्हणजे शर्यत एवढंच माहीत. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी ठोकून दिलं, 'साहेब म्हणतो, तुमच्या रक्तातच लढाई हाय.' अशा टाळ्या पडल्या! म्हातारे रडले. आणि पहिला पुढे झाला तो माझा थोरला भाऊ, बाळू. बायकोच्या कडेवर गणपत होता."

"मग?"

"तिकडे इराकात, बसऱ्याच्या बाजूला गेला. रक्तात लढाई असलेला माझा भाऊ हगवण लागून मेला. एक गोळी झाडली नव्हती त्यानं." फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळत ते म्हणाले, "घोड्याची अवलाद बघून घोडा घेतात ना, तसला तो शब्द होता. मला नंतर कळलं. गावाला अजून माहीत नाही. गावात अजून अभिमानानं सांगतात."

आम्ही उठून पुन्हा चालू लागलो.

त्यांच्या सगळ्या शिकवण्यातला एक तास मला विशेष आठवतो. गणपत तेव्हा शाळेत होता. स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांतले गोरे सोल्जर हमालांना एक शब्द वापरत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकून नेलेल्या माणसांना तुच्छतेने म्हणत तो. पोरांनी तो उचलला आणि विटीदांडू खेळताना एकमेकांना शिवी म्हणून देऊ लागली. मास्तरांनी तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. त्या माणसांना जहाजांत कसं कोंबून नेलं, बाजारात कसं विकलं, हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "हा शब्द कानावर आला तर ओळखा. तुमच्या तोंडातून मात्र कधी येता कामा नये." आणि ओल्या फडक्याने फळा पुसला. हेडमास्तरांनी हरकत घेतली, की असली घाण मुलांना शिकवायचीच कशाला. मास्तर म्हणाले, "विषाच्या बाटलीवर चिठ्ठी नको का?" मला तेव्हा हे उत्तर फार पटलं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. लोणावळ्याच्या आजूबाजूला लष्कराचे तळ पडले. काही काळ पश्चिम आफ्रिकेतली पलटण आली; ब्रह्मदेशात जंगलात लढायचं म्हणून त्यांना आमच्या डोंगरांत सराव देत. बाजारात एकेक गोष्टी उठू लागल्या. ते कच्चं मांस खातात, त्यांना खायला पोरंही चालतात, अमक्या वाडीतलं पोर नाहीसं झालं. कुठलंही पोर नाहीसं झालेलं नव्हतं. मास्तर दुकानादुकानात जाऊन वाद घालायचे.

"अहो मास्तर," किराणावाला म्हणायचा, "हबशी म्हणा, शिद्दी म्हणा, राक्षस म्हणा. आपल्याला काय फरक पडतोय?"

"त्यांच्यातल्या प्रत्येकाला गाव आहे, भाषा आहे. त्यांना आपण सगळे एकसारखेच दिसत असू."

"मग त्यांना सांगा शब्द जपून वापरायला!" दुकानात हशा. मास्तर तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

भातकापणीच्या दिवसांतला एक रविवार. मास्तरांनी मला नव्या तांदळाचं जेवण म्हणून औंढ्याला बोलावलं होतं. दुपारी आम्ही गावाजवळ पोचलो तेव्हा विहिरीकडून ओरडा ऐकू आला. मास्तर धावले. त्यांना धावताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी मागून गेलो.

विहिरीच्या काठावर एक आफ्रिकन सैनिक गुडघ्यांवर बसला होता. सरावात वाट चुकलेला. जवळ बंदूक नव्हती. तोंडातून रक्त येत होतं. शेजारी पोहरा लवंडलेला. भोवती विळे घेतलेली माणसं आणि दगड घेतलेली माणसं. काहींना भीती होती, काहींना विहीर बाटल्याचा राग होता. सगळ्यांत पुढे गणपत. त्याची पाचसहा वर्षांची मुलगी विहिरीवर होती. सैनिकाने पाण्यासाठी हात पुढे केला तो नेमका तिच्या हातातल्या तांब्याकडे. गणपतच्या हातात दगड होता आणि तो ओरडत होता. तोच शब्द. उच्चार अगदी स्वच्छ.

मास्तर मध्ये शिरले आणि सैनिकाच्या पुढे आडवे उभे राहिले. "गणप्या! टाक तो धोंडा!"

"तात्या, बाजूला व्हा! माज्या पोरीला धरत हुता त्यो!"

"पाणी मागत होता! आणि काय म्हणालास त्याला? काय म्हणालास?"

गणपतने पुन्हा तो शब्द उच्चारला आणि म्हणाला, "आसंच म्हंत्यात न्हवं ह्यास्नी? तुमीच तर शिकिवलंत, तात्या. फळ्यावर लिवलं हुतं तुमी."

मास्तरांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ होती. ती पाठ मी पाहिली आणि नजर काढून घेतली.

मग ते सैनिकाशेजारी मातीत बसले. त्यांनी त्याला पाणी पाजलं. निम्मं गळ्यावरून सांडलं, तांबूस झालं. ते इंग्रजीत हळू बोलत होते. कुठून आलास, असं विचारलं. "गोल्ड कोस्ट," तो म्हणाला. नाव विचारलं. त्याने काहीतरी सांगितलं. मास्तरांनी कान जवळ नेला आणि पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. त्याचे पुढचे दात तुटले होते. नंतर तो बोलला नाही. आम्ही बैलगाडी जुंपली. सडकेवर लष्कराचा ट्रक भेटला आणि त्यांनी त्याला उचलून नेलं. तेव्हा त्याचा श्वास चालू होता.

दोन दिवसांनी एक तरुण इंग्रज अधिकारी चौकशीला गावात आला. तो यायच्या आधी मास्तर आणि मी गणपतच्या घरी बसलो होतो. मास्तर म्हणाले, "वहिनी, जे झालं ते मी सांगणार."

पार्वतीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या मोठ्याने बोलणाऱ्या बाई नव्हत्या.

"सांगा की. खरंच सांगा. पन भावजी, तुमच्या इंग्रजीनं माजा दादला न्हेला. मी तवा काय बोलले न्हाई. आता ल्योकबी न्हेनार का?"

मास्तरांनी मान खाली घातली. म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी तितंच हुते भावजी, टाळ्या वाजवत. साहेब काय बोलला ते मला कळलं न्हाई. तुमालाबी कळलं न्हवतं, ते मात्र तुमच्या तोंडावरनं मला कळलं हुतं."

चावडीत अधिकारी टेबलाशी बसला. उद्धट नव्हता; दमलेला होता. मी दाराशी उभा होतो. साक्षीदार म्हणून मास्तरांनी माझं नाव घेतलंच नव्हतं. अधिकाऱ्याने विचारायच्या आधीच जबानी लिहून आणली होती. पलटण निघायची होती, गावात भानगड नको होती. त्याने ती वाचून दाखवली. एक 'कलर्ड' सैनिक वाट चुकून खडकावरून पडला. 'नेटिव्हां'नी त्याला पाणी पाजलं.

मास्तर उभेच होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "सर, त्याचं नाव काय होतं?"

अधिकाऱ्याने कागद चाळले. "नंबर आहे इथे."

"तो जिवंत आहे का?"

"त्याला इथून हलवलंय." आणि त्याने पेन पुढे केलं. "खडकावरून पडला, बरोबर ना?"

चावडीबाहेर सगळं गाव उभं होतं. गणपत खांबाला टेकून होता, त्याची मुलगी त्याच्या पायाशी. मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील, खोडा ते. आधी एका शब्दावर बोट गेलं, मग दुसऱ्यावर, मग 'पडला' या शब्दावर. तिथे ते बराच वेळ राहिलं.

"बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर गणपत पाया पडायला वाकला. मास्तर मागे सरले. तो आणखी पुढे झाला, तेव्हा ते वळले आणि सडकेला लागले. घरी गेले नाहीत. नवा तांदूळ तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वर्गात एक मुलगा मोठ्याने धडा वाचत होता. धड्यात प्रवासी साहेब एका बेटावर उतरतो आणि तिथले नेटिव्ह त्याला फळं आणून देतात. मी हातातला खडू तसाच धरून ऐकत राहिलो. मुलगा थांबला नाही, त्याला कोणी थांबवलं नाही. धडा संपला. मास्तर म्हणाले, "पुढचा."

असं ते वर्षअखेरपर्यंत चाललं. पोरं खूश होती. इंग्रजीचे तास सोपे झाले होते. मास्तरांनी लष्कराच्या कचेरीत दोनचारदा लिहून त्या सैनिकाची चौकशी केली. उत्तर आलं नाही. पलटण ब्रह्मदेशाला गेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ते शाळेत आलेच नाहीत. आंदर मावळात त्यांची थोरली बहीण होती, तिच्याकडे राहायला गेले एवढं कळलं. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ खूप चांगले होते, निकालही त्यांचे चांगले लागत.

मी त्यांना त्यानंतर एकदाच पाहिलं. लढाई संपून वर्ष होऊन गेलं होतं. कान्हे स्टेशनावर उतरून मी दिवसभर चाललो. वाडीच्या तोंडाशी एक म्हातारा गुरं वळत होता, त्याला मी वाळुंज मास्तरांचं घर विचारलं.

"मास्तर? हितं कुनी मास्तर न्हाई बा," तो म्हणाला. "वाळुंज म्हून एक हायत, बहिनीकडं ऱ्हात्यात. पन त्ये लोनावळ्याला साळंत शिपाई हुते. घंटा वाजवायचे म्हनं."

मास्तर घराच्या मागे गवताचे भारे बांधत होते. फेटा नव्हता, डोक्याला नुसतं फडकं. मला पाहून उठले, "या काळे, बसा," म्हणाले. बहिणीने चहा केला. ती आमच्याकडे बघत राहिली. शिपायाचं मी काढलं नाही.

मी बातम्या सांगितल्या. साहेब आता जाणार, आपलं राज्य येणार, नवी क्रमिक पुस्तकं येणार आणि त्यांत 'नेटिव्ह' हा शब्द नसेल असं म्हणतात. यावर ते काहीतरी बोलतील म्हणूनच खरं तर मी ते सांगितलं होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "भात औंदा बरं हाय."

ते आता सगळंच तसं बोलत. इंग्रजीचा एक शब्द नाही, पुस्तकातलं मराठीही नाही. गणपतविषयी विचारावं की नाही हे मला ठरवता येईना. त्यांनीच सांगितलं, की तो एकदा येऊन गेला, मुलीला घेऊन. "पोर मोठी झाली. माज्याकडं येईना. भ्याली असंल."

निघताना ते मला वाडीबाहेर ओढ्यापर्यंत सोडायला आले. मी चपला काढून पाण्यात पाय घातला तेव्हा ते मागून म्हणाले, "काळे, तुमी तितंच हुतात. त्यानं नाव दोनदा सांगितलं. तुमाला काय ऐकू आलं का?"

"नाही मास्तर. मी लांब होतो."

"व्हय. लांब हुतात तुमी." त्यांनी मान हलवली. "मी जवळ हुतो."

मी ओढा ओलांडून पलीकडच्या चढावर गेलो आणि वळून पाहिलं. ते घराकडे गेले नव्हते. खाचराच्या बांधावर बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी म्हणायचे, थांबायचे, मान हलवून नाही म्हणायचे आणि पुन्हा वेगळं काहीतरी म्हणून बघायचे.